घरच्या टाकीत गप्पींची पैदास: कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, सड्यावरच्या एका वाडीत. मागील दारी विहीर, पडवीत काचेच्या सहा टाक्या आणि फणसाच्या सावलीत चिऱ्याची एक मोठी. चौदा वर्षं गप्पी पाळतोय. एसटीत शेजारी बसलेला माणूस असो की लग्नाच्या पंगतीतला, मासे पाळतो म्हटलं की प्रश्न सुरू होतात आणि बरेचसे तेच असतात. शहरातल्या पाण्यासाठी लिहिलेले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे वापरले की मासे मरतात, आणि हौशीनं सुरू केलेली माणसं दोन महिन्यांत टाकी माळ्यावर ठेवतात. तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गप्पींची पैदास करायला नेमकं काय करावं लागतं?

नर आणि मादी एका टाकीत ठेवायचे. बस. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पोहणारी पिल्लं देतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. तीस पिल्लं झाली आणि महिन्याभरानं चार उरली, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. तुमचं सगळं कसब लागणार ते पाणी सांभाळायला आणि पिल्लं वाढवायला.

आमच्या विहिरीचं पाणी चालेल का?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून जरा बैजवार सांगतो.

गप्पींना जड पाणी मानवतं, म्हणजे ज्यात चुना भरपूर विरघळलेला आहे असं. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते दाखवणारा आकडा (सातच्या खाली आम्लधर्मी), ७ ते ८ असला की ते खुशीत असतात. आपल्याकडचं जांभ्या दगडातलं पाणी याच्या उलट असतं: हलकं आणि थोडं आम्लधर्मी. घरातल्या बायकांना हे मोजपट्टीशिवाय कळतं. ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ चटकन शिजते आणि साबणाला भरपूर फेस येतो, ते पाणी हलकं. अंगाला लावायला, चहाला उत्तम. गप्पींना मात्र त्यात काही महिन्यांतच थकवा येतो. पर मिटलेले, मासा जागच्या जागी डुलतोय, पिल्लं कमी आणि अशक्त, अशी लक्षणं दिसू लागतात.

उपाय आपल्या किनाऱ्यावरच पडलेला आहे. कालवांच्या किंवा तिसऱ्यांच्या शिंपल्या घ्या, स्वच्छ घासा, दहा मिनिटं उकळा, उन्हात खडखडीत वाळवा आणि पाट्यावर जाडसर फोडा. साधारण ५० लिटरच्या टाकीला दोन मुठी, जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरच्या तोंडाशी ठेवा, म्हणजे पाणी त्यांवरून वाहत राहील. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लधर्मी असेल तेव्हा ती विरघळते, पाणी सुधारलं की विरघळायची जवळजवळ थांबते. त्यामुळे जास्त झाली म्हणून मासा मेला असं होत नाही. सोड्याच्या चिमट्या टाकून पीएच एका दिवसात वर चढवणाऱ्यांचे मासे मात्र मी मेलेले पाहिलेत. माशाला वाईट पाण्यापेक्षाही एकदम बदललेलं पाणी जास्त बाधतं.

माझ्या विहिरीचा पीएच मे महिन्यात साडेसहाच्या आसपास असतो, आषाढात सहापर्यंत उतरतो. शिंपल्या घातलेल्या टाक्यांत तो सातच्या वर टिकतो. महाग काहीही न करता.

आमची विहीर अगदी समुद्राला लागून आहे, पाणी मचूळ आहे. मग?

तुमचं नशीब चांगलं. गप्पी थोडं खारट पाणी सहज सोसतात. फक्त वैशाखात पाणी तळाला गेल्यावर खारटपणा वाढतो आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तो झपकन उतरतो, तेवढ्या काळात पाणी थोडं थोडं बदला.

विहिरीचंच पाणी घातलं तरी एका रात्रीत सगळे मासे कसे मेले?

विहिरीत टीसीएल पावडर पडली होती का, ते आधी विचारा. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाण्याचे आजार पसरू नयेत म्हणून विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकतात, ती टाकायलाच हवी. पण त्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं. तिसऱ्या वर्षी माझ्या हातून हेच झालं. सकाळी विहिरीत पावडर पडली होती, मी दुपारी कामावरून येऊन नेहमीसारख्या चार बादल्या ओतल्या. संध्याकाळी टाकीतले मासे वर तोंड काढून धापा टाकत होते, आणि तीन पिढ्या निवडून जमवलेली निळी जात रात्रीपर्यंत संपली. तेव्हापासून पडवीत दोन ड्रम कायम भरलेले असतात. काढलेलं पाणी किमान एक दिवस, पावडर नुकतीच पडली असेल तर दोन-तीन दिवस, तोंड उघडं ठेवून तसंच राहू द्यायचं आणि मगच वापरायचं. नळयोजनेच्या पाण्यालाही हाच नियम. घाई असेल तर दुकानात मिळणारं क्लोरीन घालवायचं औषध वापरा, बाटलीवरच्या मापानं.

टाकी केवढी हवी? फिल्टर कोणता?

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. यात काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. काचेच्या गोल भांड्यात पैदास करू नका. ते भांडं माशासाठी नाहीच.

फिल्टर साधा स्पंजचा. हवेच्या पंपावर चालतो, पिल्लं ओढून घेत नाही आणि स्वस्त असतो. स्पंज नळाखाली खळखळून धुऊ नका. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा, कारण माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच स्पंजात राहतात. नव्या टाकीत हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे जातात. ओळखीच्या कुणाकडे जुनी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजाचा तुकडा मागून आणा, हे काम बरंच लवकर होतं. तोवर दोन-तीनच मासे ठेवा आणि चिमूटभरापेक्षा जास्त खाणं टाकू नका.

हीटर बहुतेकांना लागत नाही. २४ ते २८ अंश त्यांना पुरतं आणि किनाऱ्यावर घरातलं पाणी वर्षातला बराच काळ तेवढं असतं. दापोलीसारख्या ठिकाणी पौषातल्या रात्री गार असतात, तिथे टाकी खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत घ्या.

किती नर, किती माद्या?

एका नराला दोन ते तीन माद्या. नर दिवसभर माद्यांच्या मागे असतात. नर जास्त झाले तर मादीला खायलाही उसंत मिळत नाही आणि ती लवकर मरते.

दुकानातून एकटी मादी आणली होती, नर नव्हताच. तरी पिल्लं कशी झाली?

मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते आणि एकदा मिलन झालं की पुढचे काही महिने, नर जवळ नसताना, पिल्लं देत राहते. यात जादू नाही, पण एक अडचण आहे. दुकानातली मादी कुठल्या नरापासून भरली आहे हे तुम्हाला कळणार नाही. रंगाची जात टिकवायची असेल तर नरांपासून लहानपणीच वेगळी वाढवलेली मादीच घ्यावी लागते.

मादी पिल्लं कधी देणार हे कसं ओळखायचं?

शेपटीकडच्या बाजूला, पोटाच्या शेवटी, एक काळसर डाग असतो. तो दिवसेंदिवस गडद आणि मोठा होतो. मिलनापासून साधारण चार आठवडे. ऊब असेल तर थोडे कमी, गारठा असेल तर जास्त. शेवटच्या दोन दिवसांत पोट गोल न राहता छातीखाली चौकोनी दिसायला लागतं, मादी कोपरा धरते, खाणं पडलं तरी येत नाही. फिक्या रंगाच्या मादीत त्या डागातून पिल्लांचे बारीक डोळेसुद्धा दिसतात.

एकदा तरी समोर बसून पाहा. मादी झाडामागे जाते, शेपटी किंचित वर उचलते, अंग एकदा आखडतं आणि मागून मोहरीपेक्षा थोडा मोठा वेटोळा गोळा खाली पडतो. तो तळाला लागायच्या आत उलगडतो. दोन काळे डोळे, काचेसारखं अंग. क्षणभर वाळूवर पडून राहतो, मग एक झटका देऊन थेट सर्वांत जवळच्या झाडात. दोन-चार मिनिटांनी पुढचा. आमच्याकडे एका मादीनं पहाटे चारला सुरुवात केली आणि आम्ही सगळे न्याहारी करून उठलो तरी तिचं चालूच होतं. पहिल्या खेपेला दहा-बारा, मोठ्या मादीला तीस-चाळीस, कधी त्याहूनही जास्त.

आई पिल्लं खाते. मग प्लास्टिकची डबी वापरू का?

खाते खरी, आणि बाकीचे मासेही खातात. पण पोटात पिल्लं असलेल्या मादीला त्या डबीत कोंडलं की ती बिथरते, कधी अपुऱ्या दिवसांची पिल्लं टाकते. त्यापेक्षा टाकीचा अर्धा भाग झाडांनी गच्च भरा. हॉर्नवर्ट, जावा मॉस, वर तरंगणारी लांब मुळांची कुठलीही वनस्पती. पिल्लं मुळांत शिरतात, मोठ्यांना तिथे जाता येत नाही. सगळीच वाचवायची असतील तर मादीला आठवडाभर आधी झाडांच्या वेगळ्या टाकीत न्या आणि पिल्लं झाली की परत आणा. शेवटच्या दोन दिवसांत मात्र तिला हात लावू नका.

तळीतून किंवा पऱ्यातून झाडं आणणार असाल तर एक सावधगिरी. त्यांच्याबरोबर चतुराच्या अळ्या येतात. मातकट रंगाची, सहा पायांची, हळू चालणारी ही अळी रोज चार-पाच पिल्लं फस्त करते आणि दिसत नाही. आणलेली झाडं आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा, रोज हलवून पाहा.

पिल्लांना काय घालायचं?

पहिल्या दिवसापासून खातात, आणि त्यांचं पोट एवढंसं असतं, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. दुकानातलं मोठ्या माशांचं खाणं बोटांत चोळून पीठ केलं तरी जगतात. पण महिनाभरात ज्यांची पिल्लं बोटाच्या पेराएवढी होतात, त्यांनी जिवंत खाणं घातलेलं असतं.

सर्वांत उत्तम आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा अगदी बारीक जीव. याची अंडी दुकानात मिळतात आणि ती खाऱ्या पाण्यात फुटतात. खारं पाणी आपल्याला विकत घ्यावं लागत नाही, हे आपलं भाग्य. नदीच्या किंवा खाडीच्या मुखापासून दूर, स्वच्छ किनाऱ्यावरून बाटलीभर समुद्राचं पाणी आणायचं, सुती कपड्यातून गाळायचं. पावसाळ्यात समुद्र गढूळ आणि कमी खारट असतो, तेव्हा लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ विरघळवा. पाव चमचा अंडी, खालपर्यंत हवेची नळी, वर दिवा. २४ ते ३६ तासांत नारिंगी धूळ पोहताना दिसते. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, आर्टेमियाची पिल्लं खाली जमतात. नळीनं खालून काढा, दाट कपड्यात गाळा, गोड्या पाण्यानं धुवा आणि टाकीत सोडा. गप्पींच्या पिल्लांची पोटं पाच मिनिटांत केशरी होतात. ते पाहायला मी अजूनही रोज सकाळी टाकीसमोर बसतो.

डासांच्या अळ्याही मोठ्या माशांना फार आवडतात. पण त्यासाठी मागील दारी मुद्दाम पाणी साठवून ठेवणार असाल तर रोज न चुकता गाळून रिकामं करा. आठवडाभर विसरलात तर डास उडतात, आणि डेंग्यूचा त्रास शेजाऱ्यांना होतो. मी स्वतः हे करणं सोडून दिलंय.

उकडलेल्या अंड्याचं बलक लोक घालतात. पाणी इतक्या झपाट्यानं नासतं की मी ते कुणालाच सांगत नाही.

आणि पाणी. पिल्लांच्या टाकीतलं पाव हिस्सा पाणी दर दोन दिवसांनी बदला. भरपूर खाणं आणि जुनं पाणी, या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत.

नाव ‘गप्पी’ कसं पडलं?

रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी यांनी त्रिनिदादहून पाठवलेल्या नमुन्यांवरून १८६६ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अल्बर्ट ग्युंथर यांनी या माशाला गप्पी यांचं नाव दिलं. पुढे लक्षात आलं की विल्हेल्म पीटर्स या जर्मन अभ्यासकानं १८५९ सालीच याचं वर्णन केलं होतं. त्यामुळे शास्त्रीय नाव पीटर्स यांचं राहिलं, पोसिलिया रेटिक्युलाटा; बोलण्यात मात्र गप्पीच रुळलं.

पहिली पिढी सुंदर होती, तिसऱ्या पिढीत सगळे करडे. काय चुकलं?

नर-माद्या वेळेवर वेगळ्या केल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लं भिंगाखाली पाहायला लागा. पोटाखालचा मागचा पर मादीत पंख्यासारखा राहतो, नरात तो लांबट होत काडीसारखा होतो. मादीच्या पोटाशी डागही दिसू लागतो. चौथा आठवडा संपायच्या आत दोघांच्या टाक्या वेगळ्या व्हायलाच हव्यात. मग दोन-तीन महिन्यांनी नर पूर्ण रंगले की त्यांतला सर्वांत धष्टपुष्ट, सरळ पाठीचा, नीट पोहणारा निवडा. लोक नुसती शेपटी पाहतात. शेपटीच्या ओझ्यानं ज्याला धड पोहता येत नाही, त्याची पिल्लंही तशीच निघतात.

रंगांचं गणित गमतीचं आहे. १९२० साली योहानस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञानं गप्पींमध्येच दाखवून दिलं की नराच्या पाठीवरच्या परावरचा एक काळा ठिपका बापाकडून फक्त मुलग्यांकडे जातो. बरेच रंग असे बापाच्या वाटेनं येतात, काही आईकडूनही येतात, पण मादीच्या अंगावर ते दिसत नाहीत. म्हणून मादी निवडताना तिचे भाऊ पाहायचे. आपल्याकडे सोयरीक जुळवताना घर पाहतात, तसंच हे.

भाऊ-बहीण पिढ्यान्‌पिढ्या जुळवत राहिलात तर पाठीला बाक येतो, पिल्लं कमी होतात. त्याच जातीच्या दोन वेगळ्या टाक्या चालवा आणि चार-पाच पिढ्यांनी एकीतला नर दुसरीत द्या. माझ्या गावापासून तीस किलोमीटरवर एक शिक्षक आहेत, आम्ही दर दिवाळीत नर बदलतो.

आरोग्य खातं डासांसाठी सोडतं ते गप्पी आणि हे दुकानातले, एकच का?

एकच जात. सहज जुळतात. म्हणून हौदातले करडे गप्पी रंगीत टाकीत आणू नका, दोन पिढ्यांत सगळे करडे होतील.

पावसाळ्यात मासे जास्त का मरतात?

तीन कारणं. पावसाचं पाणी विहिरीत उतरतं आणि पाणी आणखी हलकं होतं. तेव्हा शिंपल्यांची पिशवी बदला. दुसरं, आपण बादलीत पागोळीचं पाणी धरतो आणि तेच टाकीत ओततो; त्यात क्षार जवळजवळ नसतातच, ते एकट्यानं वापरू नका.

तिसरं, लाइट. वादळात तार तुटली की दोन-दोन दिवस येत नाही. पंप बंद, हवा बंद, आणि स्पंजातले जिवाणू गुदमरतात. अशा वेळी खाणं पूर्ण थांबवा. दर दोन-तीन तासांनी तांब्याभर पाणी काढून वीतभर उंचावरून परत ओता, दहा-पंधरा वेळा. बॅटरीवरचा छोटा पंप मिळतो, मृगाच्या आधी घेऊन ठेवा. लाइट आल्यावर स्पंजाला वास येत असेल तर टाकीच्या पाण्यात पिळूनच परत लावा.

बाहेर चिऱ्याची किंवा सिमेंटची टाकी चालेल?

छान चालेल, मासे बाहेर जास्त ठणठणीत होतात. नव्या सिमेंटचा चुना सुटतो, म्हणून तीन-चार आठवडे पाणी भरून ठेवा, मधे मधे बदला, आणि आधी दोनच मासे सोडून पाहा. अर्धी सावली हवी. वर जाळी हवीच. दिवड, बेडूक आणि खंड्या, तिघांनाही पत्ता लवकर कळतो.

पण सर्वांत मोठा धोका फवारणीचा. आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यांसाठी औषध मारतात. त्यातली पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात, आणि वाऱ्यावर आलेले तुषार पुरतात. सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतं. तांबं पिल्लांना मुळीच सोसत नाही. शेजाऱ्यांना आधी विचारून ठेवा, त्या दिवशी प्लास्टिकचा कागद अंथरा आणि रात्रभर काढू नका. घरातही डासांचा स्प्रे मारताना हवेचा पंप बंद करा, तो खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो.

मासा अंगावर मिठाचे दाणे पडल्यासारखा दिसतोय.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. पाणी हळूहळू २९-३० अंशांपर्यंत न्या, हवा वाढवा, लिटरला २ ग्रॅम खडे मीठ दोन दिवसांत विभागून घाला, आणि ठिपके गेल्यावरही आठवडाभर तसंच ठेवा. नवे मासे तीन आठवडे वेगळे ठेवलेत तर हा त्रास बहुतेक येतच नाही. पाठ वाकलेला, खंगत जाणारा मासा मात्र लगेच वेगळा करा. हाताला जखम असेल तर त्या पाण्यात हात घालू नका, माशांचा क्षयरोग माणसाच्या कातडीलाही होतो.

गणपतीत घर भरलेलं असतं, माशांचं काय करू?

खाण्याचा डबा कपाटात ठेवा. मुंबईहून आलेली मुलं प्रेमानं प्रत्येक जण चिमूटभर टाकतात, आणि विसर्जनापर्यंत टाकी दुधासारखी झालेली असते. मोठे गप्पी आठवडाभर उपाशी राहू शकतात. पिल्लं दोन दिवसांच्या वर नाहीत, त्यांची जबाबदारी एकाच मुलाला द्या.

कुठे जाऊन शिकता येईल?

रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे आणि झाडगावात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र, तिथे मत्स्यालयही आहे. मुलांना घेऊन एकदा जाऊन या.

पिल्लं फार झाली. पऱ्यात सोडून देऊ का?

नका. कृपा करून नका.

गप्पी त्रिनिदाद, व्हेनेझुएला, गयाना या भागातला. आपल्या पऱ्यांत, व्हाळांत जे बारीक मासे आहेत, ते इथलेच. डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेले, पाण्याच्या वरच्या थरात हिंडणारे छोटे मासे तुम्ही लहानपणी ओंजळीत धरले असतील. तेही डासांच्या अळ्या खातात. गप्पी तिथे गेला की त्यांचं अन्न खातो, त्यांची अंडी-पिल्लं खातो आणि दर महिन्याला वाढतो. पाच माद्यांना महिन्याला तीस-तीस पिल्लं धरा, दीडशे झाली. आमच्या खालच्या व्हाळात मी गेल्या उन्हाळ्यात लाल शेपटीचा नर पाहिला. कुणाच्या तरी टाकीतलाच होता. मला फार वाईट वाटलं.

करायचं काय? नर-माद्या वेगळ्या ठेवल्या की संख्या आपोआप थांबते. नुसत्या नरांची टाकी दिसायलाही सर्वांत सुंदर. जास्तीची पिल्लं दुकानात द्या, शाळेच्या टाकीला द्या. काही पिल्लं आईजवळच झाडांत राहू द्या, जी वाचतील ती वाचतील.

टाकीचं काढलेलं पाणीसुद्धा गटारात किंवा पऱ्याकडे सोडू नका, त्यात नखाएवढं पिल्लू असतंच. ते माडाच्या आळ्यात ओता. माडालाही खत मिळतं. ओतण्यापूर्वी बादली उजेडात धरून एकदा नीट बघा. मला दर आठवड्याला एक-दोन सापडतात.